मागाहून ‘वाईट वाटलं’ म्हणणाऱ्यांशी बोलायचंय

अक्राणीची पोर · सोमवार, दुपारी २.१०

राम राम मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी पावरा आदिवासी. गाव धडगावच्या वर, सातपुड्यात. नर्सिंगचं जीएनएम केलं, आता खान्देशातल्याच एका मोठ्या शहरात खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. कोणतं शहर, कोणता दवाखाना ते विचारू नका, नोकरी करायचीय.

मागच्या आठवड्यात रात्रपाळीला एक आजी आल्या. जुलाब-उलट्यांनी पार वाळलेल्या. अशा पेशंटची व्हेन (शीर) लवकर हाताला लागत नाही, लागली तर सुई टेकवताच बाजूला सरकते. आमच्या वॉर्डात अशी केस आली की मला हाक मारतात. टूर्निकेट बांधून मी आजींच्या मनगटाशी बोटाने चाचपत होते, बावीस नंबरचा इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत घालायची सुई-नळी) उघडून ठेवलेला. तेवढ्यात त्यांचा मुलगा म्हणाला, “दुसरी सिस्टर नाही का कोणी? ही तर भिलाटीतली दिसते.” आणि आजींचा हात माझ्या हातातून ओढून घेतला. (खान्देशाबाहेरच्यांसाठी: भिलाटी म्हणजे गावाच्या कडेची भिल्लांची वस्ती. मी पावरा आहे, पण बोलणाऱ्याला तेवढं कुठे बघायचंय? रंग बघितला की झालं.) पलीकडच्या कॉटजवळचे दोघे फिसकन हसले.

माझ्या शेजारी मैत्रीण उभी होती, आम्ही एकाच बॅचच्या. दारात आरएमओ, म्हणजे ड्यूटीवरचे डॉक्टर, होते. आरएमओंनी खिशातून मोबाईल काढला आणि त्यात बघत राहिले. मैत्रिणीने माझ्या हातून ट्रे घेतला. तिच्याकडून दोनदा व्हेन फुटली, आजी विव्हळायला लागल्या. शेवटी मुलाला औषधं आणायला खाली पिटाळलं आणि लाइन मीच लावली. तो वर आला तेव्हा सलाईन चालू होतं. त्याने मैत्रिणीचे आभार मानले. तिने ते घेतले.

पहाटे चेंजिंग रूममध्ये ती म्हणाली, “मला इतकं वाईट वाटलं गं. तू मनावर घेऊ नको, तो माणूसच तसला.” आरएमओंनी दुसऱ्या दिवशी चहा मागवला, “असे लोक असतात” म्हणाले.

त्या मुलाचा राग मला तासाभरात उतरला. या दोघांचा अजून उतरलेला नाही. मुलगा डिस्चार्ज घेऊन गेला, या दोघांबरोबर मला रोज डबा खायचाय. दोघंही स्वभावाने चांगले आहेत, अडीनडीला पैसे देतील, ड्यूटी बदलून देतील. पण त्या रात्री त्या मुलाला एवढंच कळलं की असं बोललं की सिस्टर बदलून मिळते. आरएमओंनी नुसतं म्हणायचं होतं, “लाइन हीच सिस्टर लावेल, तुम्ही जरा बाहेर थांबा.” भांडण नको, भाषण नको.

शाळेत हजेरी घेताना माझ्या आडनावापाशी सर थांबायचे, वर्गाला कळायचं आता काहीतरी गंमत होणार. खोली शोधताना आडनाव सांगितलं की ‘कालच दिली’. ‘तू पावरा वाटत नाहीस हं’ हे तर कौतुक म्हणून बोलतात. या सगळ्या ठिकाणी आजूबाजूला भली माणसं होती. सगळीकडे होती. म्हणून विचारते, तुम्ही त्या वॉर्डात असता तर काय केलं असतं? खरं सांगा.

गिरणाकाठची बाई · दुपारी २.३५

वाचून खूप वाईट वाटलं ताई. काळजी घ्या.

बोरीकाठ · दुपारी २.४१

बाई, धाग्याचं नाव वाचलंत का हो?

गिरणाकाठची बाई · दुपारी २.५०

अग्गंबाई. हो की. थांबा, नीट लिहिते संध्याकाळी.

भुसावळ जंक्शन · दुपारी ३.२०

मी रेल्वेतून निवृत्त. थोडं वेगळं मत मांडतो, ताईंनी राग मानू नये. रात्री आई मरणाच्या दारात, मुलगा भेदरलेला, अशा वेळी माणसाच्या तोंडून काहीबाही जातं. त्याला लगेच वर्णद्वेष म्हणावं का? तो अमेरिकेत, दक्षिण आफ्रिकेत. पाट्या लावून बसायच्या जागा वेगळ्या. आमच्या रनिंग रूममध्ये (गाडीवरच्या स्टाफच्या विश्रांतीच्या खोलीत) बिहारी, मद्रासी, आदिवासी, मुसलमान सगळे एका टेबलावर जेवलो, कधी कोणाला काही वाटलं नाही. आपल्याकडे अडाणीपणा आहे, द्वेष नाही.

दुसरं, डॉक्टर त्या वेळी बोलले असते आणि नातेवाइकाने काचा फोडल्या असत्या तर? हल्ली दवाखान्यात काय चालतं ते पेपरात वाचतोच आपण.

अक्राणीची पोर · दुपारी ३.५५

काका, राग नाही. पण भेदरलेला माणूस म्हणतो, “सिस्टर, लवकर करा.” हा भेदरून वॉर्डातल्या सगळ्यात सरावाच्या हाताला नको म्हणाला आणि त्याच्याच आईला दोन टोचण्या जास्त पडल्या. काचा फोडण्याची भीती खरी आहे, मी रोज तिथेच असते. तरी बिलावरून, व्हिजिटिंग टायमावरून आरएमओ नातेवाइकांशी रोज वाद घालतात. तेव्हा नाही भीती वाटत.

आणि रनिंग रूममध्ये कोणाला काही वाटलं नाही म्हणता, ते त्या आदिवासी माणसाला विचारलं होतं का कधी? खोचकपणे नाही विचारत.

एडिसनचा चोपडेकर · संध्याकाळी ५.०५

मी मूळ चोपड्याचा, बरीच वर्षं न्यू जर्सीत. काकांनी अमेरिका काढलीच आहे तर लिहितो.

मे २०२० मध्ये मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर एका पोलिसाने नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा दाबून धरला आणि तो माणूस मेला. गुडघेवाल्या पोलिसाला खुनाबद्दल साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली हे बहुतेकांना माहीत असतं. आणखी तीन पोलीस तिथे होते. एक गर्दीला मागे सारत होता, दोघे फ्लॉइडला धरून होते. २०२२ मध्ये त्या तिघांनाही फेडरल कोर्टाने दोषी ठरवलं, वैद्यकीय मदत न दिल्याबद्दल. आणि त्यातल्या दोघांवर आणखी एक आरोप सिद्ध झाला: सहकाऱ्याला अडवणं हे त्यांचं काम होतं आणि त्यांनी ते केलं नाही. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात तर हा मृत्यू ‘वैद्यकीय घटना’ म्हणून गेला होता. फुटपाथवर उभ्या असलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलीने मोबाईलवर चित्रण केलं म्हणून खरं काय ते बाहेर आलं.

त्या आठवड्यात आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर काय चाललं होतं सांगू? ‘दुकानं लुटतात बघा.’ ‘आपण यात पडू नये.’ आपण म्हणजे कोण, तर ज्यांना या देशात शिरायला १९६५ चा इमिग्रेशन कायदा कामी आला ते. तो कायदा आणि १९६४ चा नागरी हक्क कायदा एकाच वाऱ्यावर आले. काळ्या लोकांनी लाठ्या खाल्ल्या, त्यांच्या मागून आपण बॅगा घेऊन उतरलो.

त्याआधीचं एक प्रकरण इथे बहुतेकांना ठाऊक नसेल. भगतसिंग थिंड नावाचे पंजाबी शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकन लष्करात होते. नागरिकत्व फक्त ‘गोऱ्यां’ना (आणि आफ्रिकी वंशाच्यांना) मिळण्याचा तो काळ. सगळ्या वंशांना मिळायला हवं असं त्यांच्या वकिलांनी म्हटलं नाही. म्हटलं, हे उच्चवर्णीय आर्य आहेत म्हणून गोरेच धरा. आणि पुरावा काय दिला? अमेरिकन गोरा जसा काळ्यांशी लग्नसंबंध करत नाही, तसाच उच्चवर्णीय हिंदू तिथल्या आदिवासींशी करत नाही! १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे धुडकावलं, आणि त्या निकालाच्या आधारे आधी नागरिक झालेल्या कित्येक भारतीयांचं नागरिकत्वही काढून घेतलं.

काका, पाट्या तिकडे होत्या हे बरोबर. पण तिकडच्या कोर्टात आपण पुरावा म्हणून अक्राणीताईंच्या आजोबा-पणजोबांना उभं केलं होतं.

भुसावळ जंक्शन · संध्याकाळी ५.४०

हे माहीत नव्हतं. वाचतो याबद्दल. ताईंच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नाही. आमच्यात एक जण होता, तो नेहमी कडेच्या खुर्चीवर बसायचा. आम्ही समजायचो त्याला तीच आवडते.

बोरीकाठ · संध्याकाळी ६.१५

ताई, तुम्हनं वाचीसन डोकं फिरनं. आम्हना गावमा बी आसंच शे. पन एक सांगस, चारचौघमा बोलाले छाती लागस.

बाकी मराठीत लिहितो, नाहीतर पुण्याची मंडळी भाषांतर मागतील.

आमच्याकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या शेतगड्याचं, साल ठरतं. नवा सालदार येतो, घरात पुरणपोळी, सांजोऱ्या, झोक्यावर सासुरवाशिणींची गाणी, सगळं आनंदात. त्याला पण पोटभर वाढतात, मात्र गोठ्याच्या ओट्यावर, आणि त्याचा कप तिथेच कोनाड्यात पालथा. माझे वडील माणूस म्हणून मोठे. सालदाराच्या पोरीच्या लग्नात स्वतः उभे राहिले, दवाखान्याचा खर्च केला. पण चार पाहुणे बसले की, “काय भिलासारखा उभा राह्यना, पाणी आन” असं त्याच्याच तोंडावर. तो हसतो. पाहुणे हसतात.

आरएमओंचं सोपं आहे हो. परक्या माणसाला बोलायचं होतं. आपला बाप बोलला तर चारचौघांत अडवायचं कसं? मागाहून एकट्यात सांगितलं तर?

शिरपूर फाटा · संध्याकाळी ६.३०

सवलती घेताना आदिवासी आणि सुई टोचताना फक्त माणूस. कोट्यातून आलेल्यांकडून टोचून घ्यायला पेशंट घाबरला तर त्यात त्याचं काय चुकलं?

गिरणाकाठची बाई · संध्याकाळी ६.३८

दोन व्हेन फोडल्या त्या मैत्रिणीने आणि लाइन लावली ताईंनी. वाचता येतं ना? की मराठी पण मीच शिकवू? तीच नोकरी आहे माझी.

एडिसनचा चोपडेकर · संध्याकाळी ६.४४

जीएनएमची परीक्षा सगळ्यांना एकच. पास होण्याचे मार्कही तेच. प्रवेशाला आरक्षण असतं, पासिंगला नाही.

भुसावळ जंक्शन · संध्याकाळी ६.५२

शिरपूर फाटा, माझे ताईंशी दोन मुद्द्यांवर मतभेद आहेत, ते मी वर लिहिलेत आणि तिने उत्तरही दिलंय. तुम्ही जे लिहिलंत तो मतभेद नाही. प्रतिसाद मागे घ्या. संपादक, लक्ष द्यावे.

संपादक मंडळ · संध्याकाळी ७.३०

तक्रार मिळाली आहे. प्रतिसाद उडवलेला नाही, कारण त्याखालची उत्तरं निराधार होतील. संबंधित सदस्याचं खातं या धाग्यापुरतं बंद केलं आहे.

अक्राणीची पोर · मंगळवार, सकाळी ९.२०

रात्री ड्यूटीवर होते, आत्ता सगळं एकदम वाचलं. त्या प्रतिसादाला उत्तर द्यायला मी बोटं मोडून बसले होते, खाली आले तर उत्तरं देऊन झालेली. असं माझ्या बाबतीत फार वेळा झालेलं नाही. चहा गरम असतानाच पिऊन झाला.

बोरीकाठ भाऊ, एकट्यात जरूर सांगा, त्याने बाबा बदलतीलही. पण सालदाराला ते कळणार नाही. त्याच्यापुरतं काय झालं, तर मालक बोलले, पाहुणे हसले, मालकाचा शिकलेला पोरगाही गप्प बसला. बापाला अपमान न करता थांबवता येतं. “दादा, त्याला नाव आहे” एवढं म्हटलं तरी पुरे. नाहीतर तुम्ही स्वतः उठून पाणी आणा. आणि तो कोनाड्यातला कप घरातल्या कपांत मिसळून टाका, त्याला तर कोणाची परवानगी लागत नाही.

बोरीकाठ · सकाळी ९.४५

कपाचं आईच्या ताब्यात आहे. बापापेक्षा अवघड. 🙂

शहाद्याचे आबा · सकाळी ११.००

मी १९७२ च्या दुष्काळात कॉलेजात होतो. शहाद्याचे आम्ही, वाड्यातले, म्हणजे कोणत्या बाजूचे ते समजून घ्या. त्या वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. त्याआधीपासून अंबरसिंग सुरतवंती गावोगाव फिरत होते. स्वतः भिल्ल, भजनं म्हणणारे, लोक त्यांना महाराज म्हणत. सालदारांची मजुरी, गहाण पडलेल्या आणि हडपलेल्या जमिनी, बायांवरचे अत्याचार, हे सगळं त्यांनी चव्हाट्यावर आणलं. त्यांच्या सोबतीला पुण्या-मुंबईची शिकलेली पोरं आली, झोपड्यांतून राहिली. आमच्या वाड्यात त्या पोरांना शिव्या जास्त पडायच्या, भिल्लांना कमी. ‘यांनीच भडकवलं.’ म्हणजे भिल्लांना आपलं दुखणं आपल्याला कळत नव्हतं असंच आमच्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं. दारूच्या भट्ट्या तर आदिवासी बायांनी फोडल्या, त्या कोणी पुण्याहून आलेल्या नव्हत्या.

अंबरसिंग १९७४ ला तरुणपणीच गेले. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा राज्याचा कायदा झाला तोही १९७४ चाच. शहाद्यासारख्या ठिकाणचा रेटा नसता तर तो इतक्या लवकर झाला असता असं मला वाटत नाही.

सांगायचं ते हे की बाजूने उभं राहणाऱ्याला किंमत पडते. त्या पोरांनी केसेस अंगावर घेतल्या. आमच्यातल्या एकाने संघटनेच्या सभेला नुसती सतरंजी दिली तर त्याचं लग्नाचं बोलणं मोडलं. अक्राणीच्या पोरीने आरएमओकडून एक वाक्य मागितलंय. स्वस्तात मागितलंय असं माझं मत.

पांझराकाठ · दुपारी १.१५

एक कडू विचारतो. ताईंचं सगळं पटतं, तरी विचारतो, कारण मी साक्री तालुक्यातला आहे.

१ जुलै २०१८. रविवार, आमच्या तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत आलेले. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा त्या दिवसांत सगळ्यांच्या मोबाईलवर होती. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्या पाचांना मरेपर्यंत मारलं. त्याचे व्हिडिओ आजही कोणाच्या ना कोणाच्या फोनमध्ये असतील. महिना संपायच्या आत व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली, देशभर अशा घटना झाल्या होत्या म्हणून.

राईनपाडा हा आदिवासी पाडा आहे. मारणारी गर्दी बरीचशी तुमच्या-माझ्या माणसांची होती (मी कोकणा आदिवासी). आपण इतरांकडे बोट दाखवतो की आमच्या वेळी तुम्ही बोलत नाही. त्या डवरी गोसाव्यांच्या वेळी आपण कुठे होतो?

अक्राणीची पोर · दुपारी ३.३०

हा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही टाइप झालं नाही.

दादा, यात ‘पण’ लावायला जागा नाही. आपल्या लोकांनी केलं म्हणून ते जरासुद्धा हलकं होत नाही. अफवा होती, लोक घाबरले होते, हे मी काकांकडून त्या मुलासाठी ऐकून घेतलं नाही, तर इथेही म्हणणार नाही. डवरी गोसावी, पारधी अशा फिरत्या लोकांकडे बघण्याची जी नजर आहे ती आपल्यातही आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ ला रद्द झाला, नजर तशीच राहिली, आणि ती पोलिसांपुरती उरली नाही. ज्यांना स्वतःला बाजारात संशयाने बघतात तेही दुसऱ्याला तसंच बघतात, हे मी माझ्या घरात पाहिलंय. आमच्या पाड्यावर भांडी कल्हईवाले आले की आई आधी पोरं मोजते.

तुम्ही हे इथे, आपल्यातले असून लिहिलंत, त्याची मला गरज होती.

अमळनेरचा मास्तर · संध्याकाळी ४.४०

उशिरा आलो. आमच्या गावात साने गुरुजींनी प्रताप हायस्कुलात शिकवलं, म्हणून आम्ही सगळे जन्मतः पुरोगामी, असा आमचा समज आहे. जयंतीला प्रभातफेरी, ‘खरा तो एकची धर्म’, दुपारी सुट्टी. १ मे १९४७ ला गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना उघडावं म्हणून, आणि १० मे ला ते उघडायचं ठरल्यावरच उठले. गुरुजींना स्वतःला त्या देवळात जायला कोणी अडवलं नव्हतं. माझ्या नववीच्या वर्गात हा मुद्दा दरवर्षी समजावून सांगावा लागतो, मुलं विचारतात, “मग त्यांना काय त्रास होता?”

त्याहून जुनं म्हणजे जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्याच्या कामी झटलेल्या तिथल्या लोकांना. आपल्या लोकांनी त्यांचा कित्ता घ्यावा म्हणून. तेव्हा दुसऱ्यासाठी उभं राहण्याचं हे खूळ आत्ता कुठून बाहेरून आलंय असं कोणी म्हणू नये.

गिरणाकाठची बाई · संध्याकाळी ६.१०

काल नीट लिहिते म्हटलं होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. स्नेहसंमेलनात राणी, परी, भारतमाता कोण होणार हे न बोलता ठरलेलं असतं: वर्गातली सगळ्यात गोरी. काळीसावळी पोर झाड होते, राक्षसीण होते, नाहीतर आदिवासी नृत्यात. (पानं गुंडाळून केलेलं ते ‘आदिवासी नृत्य’ हा वेगळा धागा होईल.) यंदा भारतमातेसाठी मी चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी एका भिल्ल मुलीची निघाली. स्टाफरूममध्ये एक बाई म्हणाल्या, “मग जरा पावडर जास्त लावा.” मी म्हटलं, “लावणार नाही.” त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. फेअर ॲण्ड लव्हलीने २०२० मध्ये नावातून फेअर काढून ग्लो केलं, आमच्या स्टाफरूमपर्यंत ती बातमी पोचायचीय.

ताई, वॉर्डात असते तर बोलले असते का? डॉक्टर हजर असताना? बहुतेक नसते. शाळेत बोलले कारण तिथे माझी नोकरी पक्की आहे. तुमच्या मैत्रिणीची कंत्राटी असेल तर तिच्याकडून आणि आरएमओंकडून सारखीच अपेक्षा ठेवू नका.

अक्राणीची पोर · संध्याकाळी ६.४०

कंत्राटीच आहे. हे मात्र माझ्या रागात राहून गेलं होतं खरं. आरएमओंचा राग ठेवते.

कोर्टाची पायरी · रात्री ८.२५

धुळ्यात वकिली करतो. ताईंनी कायद्याचं विचारलेलं नाही, पण कोणीतरी विचारणारच.

१९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा, २०१५ च्या दुरुस्तीनंतरचं कलम ३(१)(आर) आणि (एस). एक अपमान-धमकीचं, दुसरं जातिवाचक शिवीगाळीचं. दोन्हींत अट आहे की प्रकार लोकांच्या नजरेसमोर घडलेला असावा. २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हेच पुन्हा सांगितलं: चार भिंतींआड, बाहेरचं कोणी नसताना झालेलं या कलमात बसत नाही. दवाखान्याचा वॉर्ड बसू शकतो. पण बसतो हे सिद्ध कोण करणार? तिथे उभे असलेलेच. मैत्रीण, आरएमओ, ते हसणारे दोघे. माझ्या हातातल्या अशा केसेस कायद्यावर कमी आणि साक्षीदारावर जास्त पडतात. “मी औषध काढत होतो, ऐकू आलं नाही.” “गलका होता.” मोबाईलमध्ये बघणारे डॉक्टर पिंजऱ्यातही मोबाईलमध्येच बघत होते म्हणतात.

ताईंनी केस करावी असं सुचवत नाही. ठरवणं तिचं. एवढंच की बघणारे गप्प राहिले तर पुढे कायद्याचाही घसा बसतो.

अक्राणीची पोर · रात्री ९.१०

केस करणार नाहीये. आजी बऱ्या होऊन गेल्या, जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला, त्यांना त्या रात्रीचं काही आठवतही नसेल. आरएमओंशी मात्र बोलणार आहे. चहावर नाही, राउंडनंतर, सिस्टर इनचार्जसमोर. वॉर्डात लिहून लावावं असं मागणार आहे की ड्यूटीवरचा स्टाफ जात-धर्म बघून बदलून मिळणार नाही. लावतील की नाही, बघू.

देवपूरची सून · रात्री ९.४०

मी नुसती वाचत होते. ताईंचं ‘कालच दिली’ वाचलं आणि राहवेना. आमच्या सोसायटीची येत्या रविवारी सभा आहे, विषयपत्रिकेत ‘भाडेकरू कसे असावेत याबाबत चर्चा’ असा विषय घातलाय. कोणासाठी घातलाय ते सगळ्यांना माहीत आहे, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी नवापूरकडच्या दोन गावित (आदिवासी) मुलींना फ्लॅट द्यायचं ठरवलंय, त्या कॉलेजला आहेत. मी बोलणार आहे. वकील साहेब, नियम काय सांगू? नुसतं माणुसकी-माणुसकी केलं तर चेअरमन ऐकणार नाहीत, ते बँकेतून रिटायर झालेत.

कोर्टाची पायरी · रात्री १०.०५

आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) सभासदाला फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. करारनाम्याची प्रत आणि पोलिसांत भाडेकरूची माहिती दिल्याची पोच, एवढं सोसायटीला द्यायचं. फ्लॅट भाड्याने दिला म्हणून लागणारं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. कोणाला द्यावा हा ठराव करायचा सोसायटीला अधिकारच नाही. चेअरमनना सांगा, ठराव लिहिलात तर त्याची प्रत सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाईल. बँकेतल्या माणसाला ‘प्रत’ बरोबर समजतं. आणि तुमचा आक्षेप इतिवृत्तात नावानिशी नोंदवून घ्या, तोंडी सोडू नका.

देवपूरची सून · रात्री १०.१२

धन्यवाद. काकूंना आणि त्या मुलींना आधी विचारते, नाहीतर मीच त्यांचं नाव चव्हाट्यावर आणायची.

बोरीकाठ · रात्री १०.२०

वहिनी, माझी बहीण तुमच्याच देवपुरात, बहुधा तुमच्याच सोसायटीत, बी विंग. मेव्हण्यांना पाठवतो. एकटं बोलण्यापेक्षा बरं. किती वाजता आहे सभा?

देवपूरची सून · रात्री १०.२४

अकराला. वेळेवर यायला सांगा. कोरम झाला नाही की अर्ध्या तासाने पुन्हा भरवतात आणि चहा येईपर्यंत सगळे ठराव मंजूर करून मोकळे होतात.